हाऊर्सवर घोडे घेऊन विकताना: नव्या खेळाडूंनी पाळायच्या रीती

स्वस्तात घोडा घ्यायचा आणि चार पैसे लावून पुढे विकायचा, हा हाऊर्स या ऑनलाइन खेळातला उघड, सरळ धंदा आहे. खेळानेच त्यासाठी विक्रीचं पान दिलंय, तेव्हा लाजायचं काही कारण नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण दर उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या नाशकातली नवी पोरं-पोरी मला हेच विचारतात: "ताई, रीसेल केलं तर लोक चिडतात का हो?" चिडतात. नफा बघून चिडणारे थोडे असतात, फसवल्यासारखं वाटलं म्हणून चिडणारे बरेच. नऊ वर्षं मी हा व्यवहार करतेय. त्यात एका मुलीने माझ्याशी व्यवहार कायमचा तोडला, आणि तिथे चूक पूर्णपणे माझी होती. तीही खाली सांगते.

कालपरवाच खातं उघडलेल्यांसाठी थोडक्यात. हाऊर्स हा घोडे पाळायचा, वाढवायचा ऑनलाइन खेळ. पॅरिसच्या आउलिएंट कंपनीने तो 2005 मध्ये काढला आणि 2011 मध्ये युबिसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली. खेळातलं चलन इक्वस. त्याशिवाय पास असतात. ते खऱ्या पैशाने विकत घेता येतात, म्हणून पासाचा हिशेब इक्वसच्या हिशेबात मिसळायचा नाही. घोडा विकायचे तीन रस्ते: थेट विक्री, लिलाव, आणि एकाच ठरावीक खेळाडूसाठी राखून ठेवलेली विक्री, जिला आम्ही रिझर्व्ह म्हणतो.

माझं आजोळ येवल्याचं. तिथला मंगळवारचा घोडेबाजार लहानपणी मामाचं बोट धरून पाहिलाय. घेणारा दात बघतो, भोवरे बघतो, दोरी धरून वीस पावलं चालवतो आणि चाल बघतो. मग दोघं रुमालाखाली हात घालतात आणि बोटांवर भाव ठरतो, शेजारी उभ्या असलेल्यालाही आकडा कळत नाही. मामाचं म्हणणं असायचं की विकणाऱ्याने खोड आधी सांगावी, भाव मग. लाथ मारतो, फटाक्याला बुजतो, पाण्यात पाय घालत नाही, जे असेल ते. आणि एकदा विसार घेतला की दुसऱ्याशी बोलणं बंद, तो दुप्पट देत असला तरी. पडद्यावरच्या घोड्याला लाथ मारता येत नाही, पण या दोन रीती हाऊर्सवर जशाच्या तशा चालतात. आता एकेक पायरी घेऊ.

पहिले पंधरा दिवस काही विकू नका

एक जात निवडा. मी मारवाडी निवडली, कारण सारंगखेड्याच्या यात्रेत हे घोडे डोळ्यांनी पाहिले होते. दत्तजयंतीला तापीकाठी तो बाजार भरतो. कानांची टोकं आत वळून एकमेकांना भिडलेली, मान उंच, बघत राहावं असं जनावर. तुम्हाला फ्रिजियन आवडत असेल तर तो घ्या, पण एकच. विक्रीच्या यादीत त्या जातीची चाळणी लावा आणि रोज रात्री दहा मिनिटं फक्त भाव लिहून काढा. वय, जीपी, ब्लप आणि मागितलेली किंमत, एवढे चार रकाने पुरतात.

जीपी म्हणजे जेनेटिक पोटेन्शियल, घोड्याच्या रक्तातली ताकद. दम, वेग, ड्रेसाज, गॅलप, ट्रॉट आणि उडी या सहा कौशल्यांचा मिळून तो आकडा बनतो. ब्लप उणे 100 पासून 100 पर्यंत जातो आणि पिल्लाला आईबापांकडून किती मिळणार हे त्यावर बरंच अवलंबून असतं. नवीन माणूस फक्त जीपी बघून घोडा घेतो आणि ब्लप बघतच नाही. तुम्ही दोन्ही बघा.

वयाचा हिशेब पाठच करा. खेळात घोडा दिवसाला दोन महिन्यांनी मोठा होतो. आज सहा महिन्यांचं शिंगरू घेतलं तर बारा दिवसांनी ते अडीच वर्षांचं होतं, आणि अडीच वर्षांची मादी पैदाशीला लावता येते. म्हणजे तुम्ही काहीच न करता, नुसतं खाऊपिऊ घालूनसुद्धा तिचा भाव बदलतो. रीसेलमधला निम्मा प्रामाणिक नफा या वाट बघण्यातून येतो. कोणाला न दुखवता मिळणारा पैसा आहे हा, म्हणून नवशिक्यांना मी आधी हाच शिकवते.

विकत घेताना: जाहिरात शेवटपर्यंत वाचा

विकणाऱ्याने थेट विक्रीत भाव लावलाय, कुठलीही अट घातली नाही, तर घोडा घ्या. पुढे तो विकलात, चौपट भावाने विकलात, तरी तुम्ही कोणाचं काही लागत नाही. त्याने मागितलं ते त्याला मिळालं.

गोष्ट बदलते ती भाव कमी करून मागताना. घासाघीस जरूर करा, पण आकड्यांवर करा: "या जीपीची मादी काल तीन हजारांनी कमी भावात गेली, तुम्ही कमी कराल का?" हे रास्त. "मला ही फार आवडलीय, कायमची ठेवीन," असं सांगून भाव उतरवला आणि मनात विकायचं असलं, तर ती थाप झाली. थाप मारून मिळवलेल्या सवलतीवरचा नफा खेळाच्या नियमात बसतही असेल, माझ्या मते तो घेऊ नये.

माझी चूक हीच होती. चार वर्षांपूर्वी एका मुलीने मारवाडी शिंगरू विकायला काढलं. नाव ठेवलं होतं गोदा. आपल्याकडची मुलगी असणार हे नावावरूनच कळलं आणि मराठीतच मेसेज केला. तिच्या घोड्याच्या पानावर लिहिलेलं होतं की परीक्षा आलीय, तबेला कमी करायचाय, हिला सांभाळणारं कोणीतरी हवं. भाव होता सहा हजार इक्वस. मी लिहिलं, "मी ठेवीन हिला, माझ्याकडे सगळे मारवाडीच आहेत." ते खरं होतं, माझ्याकडे सगळे मारवाडीच होते. तिने लगेच दोन हजारांवर आणून माझ्या नावाने रिझर्व्ह लावली.

पाचव्या दिवशी मी गोदाचं नाव पुसून तिथे जीपीचा आकडा टाकला आणि साडेसात हजारांना थेट विक्रीत लावली. संध्याकाळी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध तापवत असताना फोन उघडला तर एका ओळीचा मेसेज: "ताई, गोदा विकलीत का? तुम्ही ठेवणार होतात ना."

ती रोज जाऊन तिचं पान बघत होती. घोडा विकला तरी त्याचं पान जुन्या मालकाला उघडता येतं, हे मला माहीत होतं, पण कोणी खरंच रोज बघत असेल हे डोक्यात आलं नव्हतं. दूध उतू गेलं ते पुसत बसले आणि काय उत्तर द्यायचं ते सुचेना. ज्याने घेतली त्याला परत विकाल का म्हणून विचारलं. त्याने नाही म्हटलं, आणि त्याचं बरोबर होतं, त्याने पूर्ण भाव मोजला होता. मुलीला मी खरं काय ते लिहिलं आणि माफी मागितली. "ठीक आहे ताई," एवढंच आलं. त्यानंतर तिने माझ्याकडून काही घेतलं नाही आणि मला काही विकलं नाही.

तेव्हापासून पहिल्याच मेसेजमध्ये लिहिते: "मी रीसेल करते. ही बहुधा पुढे विकेन. चालेल का?" तुम्हीही असंच लिहा. दहातले सात-आठ जण चालेल म्हणतात, माझा अनुभव आहे. ज्यांना चालत नाही ते तसं सांगतात, आणि त्यांचा घोडा त्यांच्या मनासारख्या माणसाकडे जातो. यात माझे काही सौदे हुकले असतील. हुकू देत.

समोरचा नवा असेल तर

हा प्रश्न सगळ्यात अवघड आहे आणि त्यावर जुन्या खेळाडूंमध्येही एकमत नाही. एखाद्या नवख्याने उत्तम जीपीचा घोडा कवडीमोलाने लावलाय, त्याला किंमतच माहीत नाही. घ्यायचा का?

काहीजण म्हणतात, बाजार आहे, शिकेल ठेच लागून. मला ते पटत नाही. मी प्रोफाइल उघडून बघते. खातं जुनं असेल, तबेल्यात शेकडो घोडे असतील, तर त्याने विचार करूनच भाव लावलाय, बिनधास्त घेते. खातं चार दिवसांचं असेल तर आधी लिहिते: "दादा, या घोड्याला इतका भाव मिळू शकतो. तुम्ही बदलणार असाल तर बदला, नाहीतर याच भावात मी घेते." उत्तराची थोडी वाट बघते. मधल्या वेळात दुसरा कोणी घेऊन जातो, हेही होतं. पण ज्यांनी भाव बदलले त्यातले तिघं आज माझे नेहमीचे विकणारे आहेत, चांगलं शिंगरू झालं की आधी मला विचारतात. एका घोड्यावरचा नफा सोडून मला त्यांची वर्षानुवर्षांची आवक मिळाली.

घोडा तुमच्याकडे असताना

तो विकायचाय म्हणून उपाशी ठेवायचा नाही. चारा, ओट्स, पाणी, खरारा, झोप, सगळं रोज. ज्याला देणार त्याच्या हाती तो ठणठणीत जावा. घोडेस्वारी केंद्रात ठेवला असेल तर रोजचं भाडं लागतं, ते वहीत मांडा. समजा तीन हजारांना घेतला, रोजचे चाळीस इक्वस भाडं, चारा धरून साठ. बारा दिवसांचे सातशे वीस. म्हणजे तुमची खरेदी तीन हजार सातशे वीसची. नवी मुलं हे धरत नाहीत आणि चार हजारांना विकून हजाराचा नफा झाला म्हणून खूश होतात. तो दोनशे ऐंशीचा असतो.

ट्रेनिंग दिलंत, शर्यती खेळवलीत तर तेही लिहून ठेवा, विकताना उपयोगी पडतं.

नावाबद्दल एक विनंती. नाव बदलता येतं, बदलायला बंदी नाही, पण आधीच्या मालकाने विचार करून ठेवलेलं नाव असेल तर तुमच्याकडे असेपर्यंत ते राहू द्या. पुढचा काय ठेवायचं ते ठेवेल. ज्याच्या तबेल्यात पैदास झाली त्याचं अफिक्स, म्हणजे पैदासकाराची ओळख सांगणारी जोड, नावासोबत असेल तर जाहिरातीत त्याचा मानाने उल्लेख करा. चांगल्या पैदासकाराच्या नावामुळे तुमचा भाव वाढतो, मग श्रेय द्यायला काय हरकत.

जाहिरात लिहिताना

खोड आधी. ट्रेनिंग अर्धं राहिलंय, शर्यती जिंकायच्या राहिल्यात, पास खर्चून घेतलेल्या वस्तू वापरून वय वाढवलंय, जे असेल ते पहिल्या दोन ओळींत. मी साधारण अशी लिहिते:

"मारवाडी मादी, तीन वर्षं दोन महिने. दम आणि वेगाचं ट्रेनिंग पूर्ण, बाकीचं बाकी. शर्यत एकही खेळलेली नाही. मी ही पुढे विकण्यासाठी घेतली होती, पैदास माझी नाही. भाव पाच हजार, थोडं कमी होईल."

"पैदास माझी नाही" हे वाक्य बरेच जण गाळतात. घेणाऱ्याला वाटतं तुम्हीच पैदासकार, तो वंशावळीबद्दल विचारतो, आणि तुम्ही गोलमोल उत्तरं देत बसता. आधीच लिहिलेलं बरं.

ज्याच्याकडून घेतला त्याचेच दुसरे घोडे यादीत असतील तर त्याच्या शेजारी, त्याच दिवशी, त्याच्या भावाच्या खाली आपला लावू नका. त्याचाच माल त्याच्या तोंडासमोर स्वस्त केल्यासारखं होतं ते. दोन दिवस थांबा. आणि एका वेळी एकाच जातीचे वीस घोडे ओतू नका, भाव पडतो, त्यात छोट्या पैदासकारांचं नुकसान तुमच्याहून जास्त होतं.

लिलाव

लासलगाव किंवा पिंपळगावला कांद्याचा लिलाव पाहिला असेल तर अर्धं काम झालं. ट्रॅक्टरांची रांग, व्यापारी एकेका ट्रॉलीपुढे थांबून उघड बोली लावतात, सगळ्यांच्या देखत भाव फुटतो. हाऊर्सचा लिलावही तसाच उघड्यावर असतो आणि तसाच राहायला हवा. आपल्याच घोड्यावर मैत्रिणीला, भावाला किंवा दुसऱ्या खात्याला खोटी बोली लावायला सांगून भाव चढवायचा नाही. खेळाचे नियम काय म्हणतात ते नियमांच्या पानावर वाचाच, पण नियम नसता तरी मी हेच सांगितलं असतं. खरी बोली लावणारी व्यक्ती तुमच्या शब्दावर तिचे पैसे लावत असते.

लिलाव अपेक्षेपेक्षा कमी भावात सुटला तर घोडा हसतमुखाने द्या. घेणाऱ्याला "मला परवडलं नाही" असे मेसेज पाठवू नका. कमी भावाची भीती असेल तर लिलावात लावूच नका, थेट विक्री आहे.

रिझर्व्ह म्हणजे विसार

कोणी म्हणालं, "दोन दिवसांत इक्वस जमवते, माझ्यासाठी ठेवा," आणि तुम्ही हो म्हणालात, की तो घोडा दोन दिवस तुमचा उरला नाही. मधे कोणी जास्त देऊ केले तर त्याला सांगा, शब्द दिलाय, मुदत संपली की कळवतो.

फक्त मुदत ठरवा आणि घड्याळ लावून ठरवा. "बघू सावकाश" असं कधी बोलू नका, त्यात दोघांचंही नुकसान होतं. मी "गुरुवारी रात्री दहापर्यंत" असं लिहिते. दहा वाजता काही आलं नाही तर एक मेसेज करते, अर्धा तास थांबते, आणि मग यादीत टाकते. त्यावर नंतर कोणी रागावलं तर मेसेज दाखवता येतो.

घेणाऱ्या बाजूलाही हेच लागू. रिझर्व्ह मागून गायब होणारी माणसं लक्षात राहतात. जमणार नसेल तर "माफ करा, नाही जमत" एवढं लिहायला दहा सेकंद लागतात.

खरे पैसे यात आणू नका

इक्वस, पास किंवा घोड्याच्या बदल्यात यूपीआयने रुपये द्या-घ्यायचे नाहीत. खातं विकायचं नाही, घ्यायचं नाही, पासवर्ड कोणाला सांगायचा नाही, सख्ख्या मित्रालाही नाही. असे व्यवहार खेळाच्या अटींच्या बाहेर आहेत, खातं बंद होऊ शकतं, आणि पैसे गेले तर कोणाकडे दाद मागणार? खेळणाऱ्यांत आठवी-नववीची मुलंही आहेत. तुम्ही मोठे असाल तर समोरचा लहान असू शकतो हे धरूनच बोला. आईबाबांच्या फोनवरून पास घेण्याची गळ कोणाला घालू नका.

विकून झाल्यावर

आकड्यात चूक करून एखाद्याने एक शून्य जास्त मोजलं, किंवा तुम्ही शून्य कमी लावलं, असं होतं. तुम्हाला जास्त मिळाले असतील तर तुम्हीच आधी लिहा आणि कसं परत करायचं ते ठरवा, एखादा घोडा त्याला नाममात्र भावाने रिझर्व्ह करून देता येतो. तुमचं नुकसान झालं असेल तर एकदा नम्रपणे विचारा. समोरच्याने नाही म्हटलं की विषय सोडा.

किती नफा झाला ते घेणाऱ्याला किंवा मूळ मालकाला ऐकवू नका. ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकायचाच असेल तर नावं झाका.

राहिली शेवटची पायरी, जी मी गोदानंतर सुरू केली. ज्या मालकाने घोडा देताना जीव लावून दोन ओळी लिहिल्या असतील, त्याला रीसेलच्या आधी विचारायचं, त्याने विकायची मुभा दिलेली असली तरी. मेसेज असा: "तुमची ही मादी आता विकायला काढतेय. यादीत टाकण्याआधी तुम्हाला विचारते. परत हवी असेल तर घेतलेल्या भावात अधिक चाऱ्या-भाड्याचा खर्च, एवढ्यात देते. उद्या रात्री दहापर्यंत कळवा." हो आलं तर लगेच रिझर्व्ह लावा, त्यात एक इक्वसही वर लावू नका. उत्तर आलं नाही, तर दहा वाजून गेल्यावर जाहिरात लावायला तुम्ही मोकळे.